रंगखात्यावरचे काचेचे छप्पर

मित्रांनो, जरा मान वर करा. पंख्याकडे नाही, त्याच्याही वर. करवतीच्या दात्यांसारखे उतरते-चढते असे जे दिसते आहे ना, ते मी. मी एक जुने काचेचे छप्पर आहे. वय विचाराल तर शंभराला पाच कमी. आज माझ्याखाली विद्यापीठाचा कलाविभाग भरतो आणि मला इतका आनंद झाला आहे की माझ्या काचा जागच्या जागी थरथरतात. जाणकार म्हणतात, तो वाऱ्याचा परिणाम आहे. म्हणू देत बापडे.

छपराला सगळे जग वरून दिसते. माणसांचे चेहरे माझ्या वाट्याला फारसे येत नाहीत, म्हणून मी त्यांना डोक्यावरून ओळखते. कुणाचा भांग वाकडा आहे, कुणाला टक्कल पडू लागले आहे, कुणी कलप लावताना मुळाशी पांढरे सोडले आहे, हे आधी मला कळते आणि मग त्यांच्या घरच्यांना. तेव्हा माझ्या गोष्टीत चेहऱ्यांची वर्णने शोधू नका.

इथे पूर्वी शिलाईच्या दोऱ्याचा कारखाना होता. तुमच्या शर्टाचे बटण ज्या रंगीत दोऱ्याने शिवतात, तो दोरा. बाजूच्या दालनांत सूत कातले जाई आणि या दालनात ते रंगवले जाई, म्हणून याला रंगखाते म्हणत. इमारत बांधताना मालकांच्या मनात साधे पत्रे घालायचे होते. रंगमास्तर मात्र हटून बसले. उत्तरेकडून काच लावा, नाहीतर दुसरा रंगमास्तर शोधा, असे त्यांनी सांगून टाकले. मालकांनी हात टेकले आणि माझा जन्म ठरला.

उत्तरच का, ते सांगते. सूर्य पूर्वेला उगवतो, दक्षिणेकडे झुकत पश्चिमेला जातो. उत्तरेच्या बाजूने तो सहसा डोकावत नाही. त्यामुळे उत्तरेकडून येणारा उजेड भडक नसतो आणि दर घटकेला बदलतही नाही. सुताराने अंगणात एक काठी रोवली आणि दिवसभर तिच्या सावलीच्या खुणा करत उत्तर नक्की केली. मग लोखंडी चौकटी चढल्या, चौदा दाते उभे राहिले आणि प्रत्येक दात्याच्या उत्तरेच्या अंगाला वीस-वीस काचा बसल्या. काच चौकटीत घट्ट बसावी म्हणून कडेने लांबी भरतात. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून ती तिथेच केली होती. पुढे वर्षभर माझ्या अंगाला त्या तेलाचा वास येत होता.

आणि मग काम सुरू झाले. काय ते दिवस, मित्रांनो! मोठमोठ्या हौदांतून वाफा उठत. आज हौदात निळे पाणी, उद्या किरमिजी, परवा हळदीसारखे पिवळे. कामगारांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत आणि शनिवारी कोणता रंग चालू होता हे सोमवारी त्यांच्या नखांवरून कळे. वाफ वर येऊन माझ्या काचांवर जमली की थेंब पुन्हा खाली पडत. त्यावरून मी बऱ्याच शिव्या खाल्ल्या.

पण माझे खरे काम होते ते उत्तरेच्या कोपऱ्यात. तिथे रंगाची जुळणी होई. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि नुकती रंगवलेली सुताची लड शेजारी शेजारी धरून दोन्ही एकच आहेत का, ते बघायचे. ऐकायला सोपे वाटते. पण त्या कोपऱ्याचे नियम एखाद्या शाळेपेक्षा कडक होते. जुळणी सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्याच वेळात करायची. त्या कोपऱ्यात दिवा लावायला सक्त मनाई. जुळणी करणाऱ्याने कपड्यांवर करडा एप्रन घालायचा, कारण लाल किंवा पिवळ्या कपड्याची झाक सुतावर पडते आणि डोळा फसतो. एका लडीकडे तीनदा बघायचे, चौथ्यांदा नाही. चौथ्या वेळी डोळा स्वतःचीच समजूत काढून घेतो.

या कोपऱ्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी लागली. घट्ट वेणी, मधोमध सरळ भांग. तिचा भांग पूर्ण पांढरा होईपर्यंत मी तिला रोज पाहिले. सगळे तिला पारखीबाई म्हणत. ती फार बोलत नसे. लड हातात घेई, नमुन्याशेजारी धरी, दोन्हींच्या जागा बदले, तीनदा बघे आणि एकच शब्द उच्चारी. जमले असेल तर 'चालेल', नसेल तर 'परत'. तिने परत म्हटले की तीन मण सूत पुन्हा हौदात जाई आणि मोठमोठे साहेबही तोंडातून शब्द काढत नसत.

एकदाच एका नव्या व्यवस्थापकाने घाई केली. लाल दोऱ्याचा माल संध्याकाळी तयार झाला. पारखीबाई म्हणाली, उद्या सकाळी बघू. साहेबांना धीर नव्हता. त्यांनी आपल्या खोलीत दिव्याखाली नमुना धरला, छान जुळतोय म्हणाले आणि माल धाडून दिला. पंधरा दिवसांत सगळे खोके परत आले. कोटांच्या बाह्यांवर शिवण दुरून उठून दिसत होती. त्यानंतर साहेब जुळणीच्या कोपऱ्यात येताना स्वतःहून करडा एप्रन चढवू लागले. त्या वर्षी कारखान्याच्या समारंभात पारखीबाईला पितळी घड्याळ मिळाले आणि तिने भाषणात एवढेच सांगितले की अर्धे घड्याळ छपराचे आहे. माझी छाती केवढी फुगली असेल, कल्पना करा.

दिवस पालटले. दोरा दुसरीकडून स्वस्तात येऊ लागला. रंग मोजणारी यंत्रे निघाली. एकेक हौद कोरडा पडला आणि एका दुपारी कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी पारखीबाईने एप्रनची घडी घातली, कोपऱ्यात आली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मला तिचा चेहरा प्रथमच नीट दिसला. मला फार वाईट वाटले.

पुढची सतरा वर्षे थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे काही नाही. धूळ, कबुतरे, शेवाळ. पलीकडच्या मैदानातून आलेल्या चेंडूंनी माझ्या अकरा काचा फोडल्या. पाऊस आला की मी गळत असे. कुणी विचारपूस केली नाही, हे खरेच आहे.

आणि मग एक दिवस कुलूप निघाले!

आत आल्या त्या एक बाई. केसांचा अंबाडा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्या वास्तुविशारद होत्या, पण कामगारांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचे नाव नकाशाबाई ठेवले. सोबत विद्यापीठाच्या कलाविभागाचे प्रमुख होते. सगळे त्यांना सर म्हणत. केस काळेभोर, मुळाशी मात्र पांढरी रेघ. तिसरा ठेकेदार. त्याने हेल्मेट काढून डोके पुसले तेव्हा मला त्याच्या टाळूवर दोन भोवरे दिसले. दोन भोवऱ्यांचा माणूस हट्टी असतो असे म्हणतात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यांचे बोलणे ऐकून मी हरखून गेले. इथे चित्रकला शिकवणार, कापड रंगवणार, मातीची भांडी घडवणार. हौदांच्या कडा घासून मुलांना बसायला कट्टे करणार. जुने लोखंडी खांब तसेच राहणार. आता इथे पुन्हा डोकी दिसणार, तीही तरुण, तऱ्हेतऱ्हेचे केस कापलेली! मला सात जन्मांचा आनंद झाला.

तेवढ्यात नकाशाबाईंनी मोठा नकाशा जमिनीवर पसरला. जमिनीवर पसरला म्हणजे माझ्या अगदी समोर. मी मोठ्या हौसेने वाचू लागले. खांब ठेवणे. हौद ठेवणे. विटांची भिंत ठेवणे. आणि माझ्या चौदा दात्यांवर लाल शाईची मोठी फुली, शेजारी दोन शब्द: 'काढून टाकणे'.

ठेकेदाराने लिहून दिले होते की गळती काचांमुळे आहे आणि ती थांबणे शक्य नाही. काचा उतरवून जाड पत्रे घालायचे, खाली खोटे छत आणि त्यात दिवे. सरांना बघता यावे म्हणून त्याने पहिला दाता झाकून नमुनाही तयार केला. पत्रा, पांढरे छत, रांगेने दिवे, खाली भिंतींच्या रंगाने रंगवलेल्या फळीचा एक तुकडा आणि दालनाचे भाग पाडण्यासाठी आणलेल्या कापडाचा पडदा. फळी आणि कापड दोन्ही एकाच राखाडी-निळ्या रंगात हवे होते. तिघांनी ते बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली बसून पसंत केले होते. नमुना सगळ्यांना आवडला. पुढच्या सोमवारी उरलेले तेरा दाते उतरवायचे ठरले. माझा जीव टांगणीला लागला.

सोमवार यायच्या आधी शुक्रवारी जुन्या कामगारांना बोलावले होते. त्यांच्या आठवणी टिपून घ्यायला आखूड केसांची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली होती. तीन-चार म्हातारी माणसे आली आणि त्यांच्यामागून काठी टेकत एक पांढरा, सरळ भांग आत आला. मी त्याला जगाच्या पाठीवर कुठेही ओळखले असते. पारखीबाई!

ठेकेदार लगबगीने पुढे झाला. ती त्याची सख्खी आत्या निघाली. तो तिला धुळीत कशाला आलीस म्हणून रागावला आणि लगेच अभिमानाने आपला नमुना दाखवायला घेऊन गेला. पारखीबाई दिव्यांखाली उभी राहिली. फळी बघितली, पडदा बघितला. एकदा, दोनदा, तीनदा.

"काकू, कसा वाटला रंग?" नकाशाबाईंनी विचारले.

"परत," पारखीबाई म्हणाली.

कुणाला काही कळेना. ठेकेदार हसला. "आत्या, अगं सव्वीस ठाण कापड आलंय. भिंतींच्या रंगाचे डबे आलेत. आणि जुळतोय की तो. सगळ्यांनी बघितलाय."

"दिव्याखाली बघितलात ना? दिवा भिडस्त असतो रे. कुणाचं वाईट म्हणून बोलायचा नाही. उजेडात घेऊन चल."

कुणीतरी अंगणाचे दार उघडू लागले. तिने अडवले. उन्हात डोळे दिपतात, उन्हात काही कळत नाही, असे म्हणून ती फळी आणि पडद्याचा तुकडा घेऊन थेट उत्तरेच्या कोपऱ्यात, माझ्या शेवटच्या दात्याखाली आली. मी धास्तावले. माझ्यातून येत काय होते? शेवाळातून गाळलेले हिरवट, मळकट काहीतरी. तिने वर बघितले आणि भाच्याला म्हणाली, "हा उजेड नाही, चिखल आहे. वर जा आणि काचा धू."

कामगार जेवायला गेले होते. ठेकेदाराने इकडे तिकडे बघितले, सरांकडे बघितले आणि मग मुकाट्याने बादली उचलली. आत्याचे ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

मित्रांनो, सतरा वर्षांनी मला धुवायला कुणाचा हात लागला. आधी पाणी, मग खराटा, मग ओले कापड. एक काच, दुसरी काच, तिसरी. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होते. ज्याने माझ्यावर फुली मारायला लावली, तोच मला आंघोळ घालत होता. वीस काचांपैकी फुटलेल्या दोन सोडून सगळ्या त्याने धुतल्या आणि खाली कोपऱ्यात तो उजेड उतरला. पांढरा, थंड, शांत. मी तो विसरले नव्हते.

फळी आणि कापड शेजारी शेजारी धरलेले होते. फळी जांभळट दिसत होती. कापड हिरवट दिसत होते. दोन्हींचे एकमेकांशी काडीचे नाते नव्हते. सरांनी जवळ येऊन बघितले, लांब जाऊन बघितले. त्याच उजेडात त्यांचा कलपही तांबूस दिसू लागला होता, पण पारखीबाई त्याबद्दल काही बोलली नाही. नकाशाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या की नमुन्यासाठी कापलेले एक सोडले तर अजून एकही ठाण फाडलेले नाही, बदलून घेता येईल, पण हे सबंध इमारतीला लागले असते तर हसे झाले असते.

सर म्हणाले, बरे झाले, आजच कळले, आता नवीन नमुने अंगणात नेऊन बघू आणि सोमवारचे काम पुढे चालू ठेवू. म्हणजे रंग वाचला आणि मी गेलेच की!

तेव्हा ती आखूड केसांची विद्यार्थिनी वही मिटून बोलली. "सर, तुम्ही एकदाच रंग निवडणार. आम्ही इथे रोज चित्रं काढणार, रोज कापड रंगवणार. आमचा रंग चुकला तर दिव्याखाली आम्हाला कोण सांगणार?"

सरांनी मान वर करून त्या धुतलेल्या दात्याकडे बघितले. मग म्हणाले की पोरीचे म्हणणे त्यांना पटते, पण गळतीचे काय? पावसात मुलांनी छत्र्या उघडून चित्रे काढायची का? उत्तरासाठी सगळ्यांनी ठेकेदाराकडे बघितले. तो नुकताच शिडीवरून उतरला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले आणि मुठीत कबुतराच्या घरट्याच्या काड्या.

आता सगळे त्याच्या हातात होते. तो नुसते 'काचा गळतात' म्हणाला असता तरी माझा निकाल लागला असता. कागद त्याच्याच सहीचा होता आणि खोटे ठरवणारे कुणी नव्हते. त्याने हातातल्या काड्या जमिनीवर टाकल्या.

"गळती काचांची नाहीये, सर," तो म्हणाला. "दोन दात्यांच्या मधे पन्हळी आहेत, त्या तुंबल्यात. कबुतरांची घरटी आणि वीतभर माती. पाणी जायला वाटच नाही, म्हणून ते आत उतरतंय. मी वर न चढताच लिहून दिलं होतं. चूक माझी आहे."

चार माणसांत हे बोलायला धैर्य लागते. हट्टी माणसाला तर दुप्पट लागते. मी त्याच्या दोन भोवऱ्यांबद्दल जे काही म्हटले होते, ते सगळे मागे घेते. पारखीबाईने आपल्या पदराने त्याच्या गालावरचा चिखल पुसला आणि तो अवघडून बाजूला सरकला. नकाशाबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. लाल शाई काही पुसता येत नव्हती. म्हणून त्यांनी फुलीच्या शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'धुऊन ठेवणे'.

माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे तीन महिने माझ्या अंगावर नुसता उत्सव होता. पन्हळी मोकळ्या झाल्या. त्यातून निघालेली माती अंगणातल्या झाडांना गेली. झाकलेला पहिला दाता पुन्हा उघडला. फुटलेल्या काचा बदलल्या, गंजलेल्या चौकटी खरवडून रंगवल्या, नवी लांबी भरली. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा ठेकेदार स्वतः खाली खुर्ची टाकून बसला होता. दोन तास तो वर बघत होता आणि मी खाली. एक थेंबसुद्धा पडला नाही. तो उठला, खुर्ची उचलली आणि शीळ वाजवत निघून गेला.

आणि मग आला वर्गाचा पहिला दिवस. तीस डोकी! कुणाच्या वेण्या, कुणाचे कुरळे रान, एक तर चक्क हिरवे डोके. सरांनी पारखीबाईला पहिला धडा द्यायला बोलावले होते. तिने मुलांना हिरव्या सुताच्या दोन लडी दिल्या, कसे धरायचे ते दाखवले, जागा बदलून कसे बघायचे ते सांगितले. स्वतः तीनदा बघून ती म्हणाली, "चालेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती आखूड केसांची मुलगी मात्र लडी हातात घेऊन उभी राहिली.

"आजी, मला नाही वाटत. डावी जरा पिवळी आहे."

पन्नास वर्षांत पारखीबाईला कुणी असे म्हटले नव्हते. तिने लडी पुन्हा घेतल्या. नियम मोडून तिने चौथ्यांदा बघितले, पाचव्यांदा बघितले. मला वरून स्पष्ट दिसत होते, मुलगी बरोबर होती. डावी लड पिवळी होती.

"मोतीबिंदू आहे मला," पारखीबाई हळूच म्हणाली. "पिवळं आता मला सगळीकडेच दिसतं, म्हणून वेगळं कळत नाही." मग ती हसली, अगदी मोकळी हसली. "तुला दिसतंय ना? मग तू सांग. मोठ्याने सांग."

"परत," मुलगी म्हणाली.

त्या क्षणी मला जे वाटले ते काय सांगू? डोळे थकतात, मित्रांनो, त्याला इलाज नाही. पण उजेड जागेवर असला की पाहणारे नवे डोळे येत राहतात. मी नसते, तर त्या मुलीला आपण बरोबर आहोत हे कळलेच नसते, आणि पारखीबाईलाही आपली जागा घेणारे कुणीतरी आले आहे, हे कळले नसते.

तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही असेल, तर ते मोडीत काढण्याआधी एकदा स्वतः वर चढून बघा. एकदा धुऊन बघा. खालून बघून सही करू नका. धुतल्यावरही निरुपयोगी निघाले तर खुशाल काढा, माझी तक्रार नाही.

आणि माझ्याबद्दल म्हणाल, तर पन्हळी वर्षातून दोनदा साफ कराव्या लागतात आणि काचा महिन्यातून एकदा. पुढच्या शनिवारी सकाळी मुले येणार आहेत. बादल्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. जुने कापड मात्र येताना घरून आणा.